विझवलेली भट्टी

घरात मयत झाली की चूल विझवायची, हे तुम्हाला ज्याने शिकवलं, त्याला तुम्ही कधी "का?" असं विचारलंत?

माझ्या बाबांनी विचारलं होतं. खाणीतली पाळी संपवून आले की ते सायकलला अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांची पिशवी अडकवून पुन्हा निघायचे. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. एकदा खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यात त्यांचा पाय रुतला. वर साधी माती, आत पेटलेला कोळसा. घोट्यापर्यंत भाजला. तेव्हापासून ते ताईच्या मागे लागले, "तू शिकून राह्यली न? मंग आतली आग वरून दिसन असं काही कर."

ताईने ते मनावर घेतलं. तापलेल्या वस्तूतून निघणारा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्या लहरी कुठल्या दिशेने थरथरतात, त्यावरून उन्हाने चमकणारी माती आणि आतून जळणारी माती वेगळी ओळखता येते. त्या दिशा वेगळ्या करणारा नवा स्फटिक ताई रचत होती. अणूंची मांडणी कॉम्प्युटरवर केली, मग चंद्रपूरच्या कॉलेजातल्या भट्टीत, काचेच्या बंद नळीत तो वाढवायला ठेवला. भट्टी कित्येक आठवडे हळूहळू निववायची. घाई केली की तडा.

त्याच आठवड्यांत बाबा गेले.

माती देऊन ताई मला घेऊन कॉलेजात परतली, तर भट्टी थंडगार. दारात शिपाई भाऊ उभे, बाबांचे जुने सोबती.

"मीच बंद केली, पोरी. बाप घरात पडला अन् तुही भट्टी पेटती? लोकं काय म्हणतीन?"

ताईने नळी फोडली. आत स्फटिकाच्या काळ्या, चमकदार सुया. प्रत्येकीला तडा.

"जोडता येत नाई का?" भाऊंनी विचारलं.

"नाई, भाऊ."

मग दोघंही तिथेच बसून रडले. मला ओरडायचं होतं. 'मयतीच्या घरची लेकरं उपाशी ठेवू नका, चूल पेटवा' हे बाबांचं पत्रक याच भाऊंनी चिमूरपर्यंत वाटलं होतं. पण त्यांचा हात ताईच्या डोक्यावर होता. मी खाली बसून नळीच्या काचा वेचू लागले.

भट्टीवर आता दुसऱ्यांची पाळी लागली आहे. ताई वाट बघते आहे. ढिगारे आतून जळतच आहेत, त्यांवरून माणसं रोज चालतात.

तुमच्या वस्तीत मयत झाली तर त्या घरी जरूर जा, पोटभर रडा. पण तिथलं काहीही विझवण्याआधी, ते कशासाठी पेटलंय एवढं विचारा.