न वाचलेलं पान

आज दारासमोर कुणाचीशी मोटार बंद पडली आणि पेट्रोलचा वास माझ्या खोलीत आला. हातातलं पुस्तक मिटून मी नुसता बसून राहिलो.

तीसेक वर्षांपूर्वी सोलापुरात माझी धाकटी बहीण यमू बाळंतपणात अडली, तेव्हा मी शेजारच्या गिरणीमालकांकडे मोटार मागितली होती. "गादी घाण होईल की, मास्तर," ते म्हणाले होते. बैलगाडीतून दवाखान्यात नेताना यमू वाटेतच गेली.

महिन्याभराने कलेक्टरसाहेबांना आणायला मालक स्टेशनवर निघाले, आणि मोटार सुरूच होईना. नवशिका ड्रायव्हर हँडल मारून घामाघूम झाला. मोटारीचं पुस्तक इंग्रजी, म्हणून मला बोलावणं आलं. तेलकट पानं वाचत मी सावकाश अर्थ सांगत गेलो. पेट्रोलची गाळणी तुंबली तर काय करावं, ते पान आलं. लक्षणं हीच लिहिली होती. मी ते न वाचताच उलटलं.

"आनि काय लिवलंय?" ड्रायव्हरने विचारलं.

"एवढंच."

टांगाही मिळेना, तेव्हा मालक जरीचा फेटा सांभाळत बैलगाडीत चढू लागले.

"बसा की मालक," मी म्हणालो. "हिला गादीच नाही."

तेव्हा वाटलं होतं, फेड झाली. पण मालक त्या बैलगाडीतून संध्याकाळी सुखरूप घरी आले. ते पान मी आजही वाचणार नाही.