जावईबापूंचा अंगठा

धाकटी दिवसभर कमी ऐकणाऱ्यांची कानातली यंत्रं दुरुस्त करायची आणि घरी आली की जावईबापूंचा रोबो. जावईबापू म्हणजे तिचा नवराच. माहेरच्यांनी लाडानं लावलेलं नाव, चिडली की तीही तेच वापरायची. रोबो म्हणजे परातीएवढं चाकांचं यंत्र. रिंगणात समोरच्याला ढकलून बाहेर काढायचं, एवढंच त्याचं काम. चालवायचे जावईबापू, निस्तरायची धाकटी.

जळायचा तो कंट्रोलर, मोटरला वीज मोजून देणारी काडेपेटीएवढी पट्टी. दोन जळून गेले होते. उरलेला शेवटचा. त्या मापाचा दुसरा कुठे मिळेना, हाही गेला की रोबो माळ्यावर जाणार. तिनं मोटर तपासली, वायरी ओढून पाहिल्या, बॅटरी बदलली. टेबलावर सगळं गुणी बाळासारखं चाले. रिंगणात गेलं की धूर.

"तुझं सोल्डरिंगच कच्चं असणार," जावईबापू म्हणाले.

तिनं पट्टी परत जागेवर बसवली. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

स्पर्धेच्या सकाळी सराव सुरू झाला, तेव्हा रिंगणाकडे पाठ करून ती नवऱ्यासमोरच खुर्ची टाकून बसली.

"माझं तोंड काय बघतेस? रोबो तिकडे आहे."

"तोंड नाही बघत. चालवा तुम्ही."

ती रिमोटच्या कळीवरचा त्यांचा अंगठा बघत होती. भरधाव पुढे, की लगेच तस्साच मागे. मध्ये दम खाणं नाही. टेबलावर तीच कळ ती कानातल्या यंत्रासारखी हलक्या हातानं फिरवायची, मग बिघाड दिसणार कसा?

"अहो, पळती मोटर अशी फटकन उलटी फिरवलीत, की सगळी वीज त्या पट्टीवर उसळते. मध्ये थांबत जा जरा."

"थांबलो तर समोरचा ढकलेल."

"ढकलू दे."

"म्हणजे हरायचं?"

"हरा. पण हा जळला तर मी हात लावणार नाही. आणि लावून तरी काय, दुसरा आहे कुठे?"

जावईबापू फुगले. पण सामन्यात दर वेळी थांबले, ओठ आवळून, औषध गिळल्यासारखे. समोरच्या रोबोनं तेवढ्यात डाव साधला आणि त्यांचा रोबो रिंगणाबाहेर लोटला.

तोंड पाडून ते रोबो घेऊन आले. धाकटीनं झाकण उघडून पट्टीवर बोट टेकवलं. गरम होती, पण वास नव्हता. कळ फिरवली, चाकं फिरली.

"वाचला," ती म्हणाली.

"मग पुढच्या स्पर्धेला नाव देऊ?"

धाकटीनं चपला काढून पाय समोरच्या खुर्चीवर टाकले होते.

"द्या," ती डोळे मिटून म्हणाली, "पण आज मला घरी गेल्यावर काही दुरुस्त करायला सांगू नका."