पळत गाठलेलं माहेर

कॉलेजच्या मैदानावर तीन हजार मीटर पळताना शेवटच्या फेरीत माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी आडवी झाले. दम शाबूत होता, पाय मात्र लाकूड झाले होते. खेळाच्या मॅडमनी पोटरी दाबून पाहिली.

"दम आहे तुझ्यात, पण पोटऱ्या आधी थकतात. त्यांना सावकाश तयार कर. घाई केलीस तर टाचेमागची शीर धरेल."

त्यांनी सांगितलं ते साधं होतं. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, टाचा हळू वर न्यायच्या, त्याहून हळू खाली सोडायच्या. आधी गुडघे ताठ ठेवून, मग जरा वाकवून. त्यानंतर चढावर चालायचं, अंगवळणी पडलं की पळायचं. मधे पायांना विसावा द्यायचा.

आम्ही पडेगावला राहायचो. वडिलांची मेंढरं होती आणि घरामागं लांबवर माळ चढत गेला होता. वडील म्हणाले, "जा, पण एकटी नाय जायचं." दादाचं नुकतंच लग्न झालं होतं. सोबतीला नवी वहिनी निघाली.

थंडीतल्या त्या पहाटा मला अजून धुक्यासकट आठवतात. विहिरीच्या पायरीवर आम्ही दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहायचो. टाचा वर, टाचा खाली. खाली काळं पाणी, त्यात आम्ही दोघी झुलणाऱ्या. पोटऱ्यांत हळूहळू ऊब भरायची, मग आग व्हायची, मग कसलंच काही वाटेनासं व्हायचं. जमीन सुटली की काय, असं वाटायचं.

"वन्सं, यानं खरंच पळता येतं व्हय?" वहिनी विचारायची आणि हसता हसता तोल जाऊन मला धरायची.

माळ चढताना ती आधी मागं राहायची. मग सोबत आली. एका सकाळी दादाचे कॅनव्हासचे बूट घालून, लुगडं खोचून, ती माझ्या पुढून पळत गेली. मी वर पोचले तेव्हा ती दौलताबादच्या किल्ल्यापलीकडं बघत होती. धुक्यातून नुसतं किल्ल्याचं टोक वर आलेलं, बाकी सगळं पांढरं.

"तिकडं वेरूळ. माझं माहेर," ती म्हणाली. "लई दिवस झाले. पळत जाता यील का?"

मी हसले. ती हसली नाही.

उन्हाळ्याआधी शर्यत झाली. शेवटच्या फेरीत पोटऱ्या जड झाल्या, पण गोळा आला नाही, मी दुसरी आले. घरी सांगितलं तर वहिनीनं गूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "आता माझं."

वेरूळला पळत जाऊ का, असं दादाला तिनंच विचारलं. तो म्हणाला, "येडी झालीस का?" मग म्हणाला, "पाण्याची बाटली घ्या."

एका रविवारी उजाडायच्या सुमाराला निघालो. सपाटीला पळालो, घाटात चाललो, पुन्हा पळालो. दौलताबाद मागं पडलं, खुलताबादच्या चिंचांची सावली अंगावरून गेली. पुढं बोलणं बंद झालं. दोघींच्या पावलांचा एकच आवाज येत होता, आणि मला वाटलं, रस्ताच आम्हाला चालवतोय. वेरूळच्या उतारावर मात्र पोटऱ्या थरथरू लागल्या. वहिनीनं माझा हात धरला. "लहान लहान पावलं टाका, वन्सं."

तिची आई दारात शेणानं सारवत होती. आम्हाला बघून ती उभीच राहिली.

"भांडून आलीस का गं?"

"नाय आई. पळत आले."

आईला काही कळेना. तिनं आधी लेकीच्या पायांकडं पाहिलं, मग माझ्या, मग रस्त्याकडं, मागं कुणी येतंय का म्हणून. कुणी नव्हतं. मग तिनं चुलीवर पाणी ठेवलं. कोमट पाण्यानं आमचे पाय धुतले, करडीचं तेल घेऊन पोटऱ्या चोळायला बसली. लेकीच्या पोटरीवर अंगठा दाबून म्हणाली, "किती घट्ट झाल्यात गं!"

वहिनी रडू लागली. दुखलं म्हणून नव्हे, एवढं मलाही कळलं.

दुपारी मी ओसरीवर पडले. पाय अजून पळत असल्यासारखे आतून हलत होते. मायलेकींचं बोलणं कानावर येत होतं, शब्द कळत नव्हते. तिथंच झोप लागली.