फळी तपासली, ठीक

सदर व्यक्ती: स्त्री. वय एक्कावन्न. शिक्षण आठवीपर्यंत, अक्षर वळणदार. हुद्दा: पर्यवेक्षक, कार्यस्थळ आरोग्य व सुरक्षितता, इस्त्री विभाग, पहिली पाळी. अधिपत्याखालील मनुष्यबळ: अकरा. शारीरिक व्यंग: नाही. ओळखखूण: हिरवं जाकीट, गळ्यात शिट्टी. जबाबदारी: विभागात अपघात होऊ न देणे. अधिकार: नोंद करणे.

जबाबदारी आणि अधिकार यांच्यामधल्या त्या पूर्णविरामात सदर व्यक्तीची गेली सहा वर्षं गेली.

त्याआधीची बावीस वर्षं तिने याच धुलाई कारखान्यात मागच्या टेबलावर गठ्ठे बांधले. चार इस्पितळं आणि दोन हॉटेलं यांच्या चादरी इथे धुवायला येत. रोग्याखालची चादर आणि नवविवाहितांखालची चादर इथे एकाच तापलेल्या रुळांतून सरळ होऊन निघे. रूळ भेदभाव करत नसत. वीस चादरींचा एक गठ्ठा, दोरीचे दोन वेढे, वर एक गाठ. तिची गाठ इतकी पक्की बसायची की इस्पितळात ती सोडायला कात्रीच लागे. तिथल्या नर्सबाईंनी एकदा तशी लेखी तक्रार केली होती. मॅनेजरने ती प्रशंसापत्र समजून फाईलला लावली.

मग एका गुरुवारी कळलं की सोमवारी तपासणी आहे, आणि सुरक्षा पर्यवेक्षकाची जागा कागदावर दोन वर्षं भरलेली आहे, पण तिथे माणूस नाही. मॅनेजर टेबलापाशी आला.

"तुझं अक्षर बरं आहे ना?"

"बरं आहे म्हणतात."

"मग आजपासून सेफ्टी तुझ्याकडे."

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पहिल्या दिवशी आग, दुसऱ्या दिवशी उरलेलं सगळं. प्रमाणपत्रावरच्या फोटोत ती घाबरल्यासारखी दिसते, पण ते फ्लॅशमुळे. तेव्हापासून तिला सगळे सेफ्टीताई म्हणू लागले. आधी चेष्टेने, मग सवयीने, आणि शेवटी घरीसुद्धा.

तिने काही केलंच नाही असं कोणी म्हणू नये. पिण्याच्या पाण्याचं पिंप अंगणातून आत आणलं. गरम, ओल्या चादरींनी बायकांच्या बोटांची सालं निघायची, म्हणून हातमोजे मागितले. अकरा महिने मागितल्यावर हातमोजे आले, तेही एकाच मापाचे, आणि ते माप पुरुषांचं. प्रत्येकीच्या बोटापुढे अर्धा इंच रिकामा राही. तिने नोंद केली: "हातमोजे प्राप्त. माप मोठे." मशीन बंद करायच्या लाल बटणासमोर कपड्यांच्या ढकलगाड्या उभ्या असत. "बटणासमोर गाड्या लावू नयेत" हे वाक्य तिच्या रजिस्टरात एक्केचाळीस वेळा आहे. अक्षर शेवटपर्यंत सुबक आहे.

आता फळीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं फळीचं आहे.

रुळांच्या तोंडापाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लाल फळी बसवलेली होती. दोघी जणी समोर उभ्या राहून ओली चादर रुळांत सरकवत. कुणाची बोटं फार पुढे गेली तर ती आधी फळीला लागत, फळी मागे झुके आणि रूळ जागच्या जागी थांबत. योजना उत्तम होती. अडचण एवढीच की फळीला बोट आणि चादर यांतला फरक कळत नसे. चादरीचा बोळा झाला, कोपरा दुमडला, तरी ती झुके. रूळ थांबत, आतल्या चादरीवर पिवळा डाग उठे, आणि मशीन पुन्हा सुरू व्हायला चार मिनिटं जात. वरच्या काळ्या पाटीवर मात्र लाल आकडे चालूच राहत: किती चादरी व्हायला हव्या होत्या, किती झाल्या.

म्हणून बायका फळी बांधत. जुन्या चादरीची एक चिंधी फाडायची, फळी खांबाला आवळायची, की काम सुरळीत. सेफ्टीताई सकाळी सातला चिंधी सोडायची. दहापर्यंत ती पुन्हा बांधलेली असायची. यात कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. आपण जसं अंथरूण घालतो आणि काढतो, तसं ते चाललं होतं.

सोडून सोडून तिला गाठी ओळखू यायला लागल्या. उंच बाईची गाठ नेहमी डावीकडे. मावशींची दुहेरी, चिंधी वाया घालवणारी. आणि एक गाठ कमरेच्या नाडीसारखी, सुरगाठ, एक टोक ओढलं की मोकळी. ती तिच्या धाकट्या जावेची. चार वर्षांपूर्वी धाकटीला इथे चिकटवलं होतं तिनेच. तीन खोल्यांच्या घरात एकाच ओट्यावर दोघी स्वयंपाक करत आणि एकाच मशीनच्या दोन बाजूंना दिवस काढत, त्यामुळे भांडायला त्यांना फक्त रस्त्यातला वेळ मिळे. एकदा मात्र जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोरच जुंपली.

"काय गं, पुन्हा बांधलीस?"

"मी कुठे? आपोआप बांधली गेली."

"आपोआप सुरगाठ बसते होय?"

"मशीन हुशार आहे ताई. बघून बघून शिकली असेल."

"उद्या कुणाचा हात गेला म्हणजे कळेल."

"म्हणून तर सुरगाठ मारते. ओढली की सुटली. तुमच्यासारखी मारली तर माणूस आत आणि गाठ बाहेर."

यावर अख्खं टेबल हसलं होतं. सेफ्टीताईसुद्धा.

रजिस्टराची एक पद्धत होती, तीही सांगितली पाहिजे. रजिस्टर कारकुनाच्या कपाटात कुलपाखाली असे. पाळी सातला सुरू होई, कारकून दहाला येई. रोज कपाट उघडायचं म्हणजे त्याला उठावं लागे. म्हणून तो सोमवारी एकदाच रजिस्टर बाहेर काढून म्हणे, "आठवड्याचं उरकून टाका." सेफ्टीताई सोमवार ते शनिवार सहा ओळी लिहायची, "फळी तपासली, ठीक", सहा सह्या करायची आणि रजिस्टर परत द्यायची. पहिल्या वर्षी तिला हे खटकायचं. मग रोज सकाळी ती फळी खरोखरच तपासत असल्यामुळे, आधीच लिहिलेलं नंतर खरं करून दाखवायचं, असा तिने स्वतःशी हिशेब बसवला.

यंदा नवा मॅनेजर आला आणि त्याने नियम केला: लागोपाठ तीन दिवस जो आकड्यात मागे पडेल त्याने चौथ्या दिवशी यायची तसदी घेऊ नये. नेमक्या त्याच सुमारास एका इस्पितळाने जाड चादरी घेतल्या. त्यांचा बोळा पटकन होई. आणि नेमकी त्याच आठवड्यात तपासणीची कुणकुण होती. रविवारी भाजी निवडता निवडता थोरलीने धाकटीला सांगितलं, "या आठवड्यात फळी बांधायची नाही. माझी शपथ आहे तुला."

"तीन दिवस मागे पडले तर?"

"नाही पडणार."

धाकटीने शपथ पाळली. सोमवारी ती मागे पडली. मंगळवारी पडली. बुधवारी अकरा वाजेपर्यंत फळी नऊ वेळा झुकली होती आणि पाटीवर अडतीस चादरी कमी दिसत होत्या. धाकटी काही बोलत नव्हती. एरवी ती मशीनलाही टोमणे मारायची. सेफ्टीताईने दारापर्यंत जाऊन पाहिलं, तपासणीवाले आलेले नव्हते. परत आली, पाटीकडे पाहिलं. मग तिने टेबलाखालची जुनी चादर घेतली, दाताने कडा तोडून चिंधी फाडली, आणि फळी खांबाला बांधली.

"अगं बाई! ताई, तुम्ही?"

"गप. जेवणाच्या सुट्टीपर्यंतच. समोर बघ."

"आणि शिट्टी कोण वाजवणार?"

"समोर बघ म्हटलं ना."

बावीस वर्षं हात जी गाठ मारत आले, तीच त्यांनी मारली. वेगळी कुठून मारणार?

तासाभरात अडतीसचे अकरा झाले. धाकटी पुन्हा बोलायला लागली. बारा वाजून वीस मिनिटांनी एका चादरीचा कोपरा दुमडला आणि तिने तो सरळ केला, जसा दिवसातून शंभरदा करायची. रुळांनी पकडलं ते बोट नव्हे, हातमोज्याचा पुढचा रिकामा अर्धा इंच. बाकीचं मागून गेलं. हात फळीवर दाबला गेला, पण फळी हलली नाही. शेजारच्या उंच बाईने सवयीने चिंधीचं टोक ओढलं, कारण धाकटीच्या मशीनवरची गाठ ओढली की सुटते. ती सुटली नाही. दुसरी कोणी लाल बटणाकडे धावली आणि गाड्यांना अडखळून पडली. सेफ्टीताईने शिट्टी वाजवली. शिट्टीने मशीन थांबत नाही. हे प्रशिक्षणात सांगायचं राहून गेलं होतं.

शेवटी गठ्ठ्यांच्या टेबलावरून कात्री आणावी लागली.

आठव्या दिवशी चौकशीला मुख्य कार्यालयातून साहेब आले. सभ्य माणूस. बसायला सांगितलं, पाणी विचारलं. पिंप आत आहे हे पाहून बरं वाटल्याचंही म्हणाले. चौकशीत एकच गोष्ट ठरायची होती: फळी कोणी बांधली. कामगाराने स्वतः बांधली असेल तर निष्काळजीपणा कामगाराचा, नोकरी गेली आणि औषधपाणी ज्याचं त्याने बघायचं. कारखान्याच्या माणसाने बांधली असेल तर सगळं कारखान्यावर. सेफ्टीताईला हे कळत होतं. आपली नोकरी जाईल, जाऊ दे. तिची राहील, उपचार होतील. हे ती आठ दिवस इस्पितळाच्या बाकावर बसून पाठ करून आली होती. ते इस्पितळ जाड चादरींचंच होतं.

"फळी मी बांधली," ती म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "जखमी कामगार तुमच्या नात्यातली आहे ना?"

"जाऊ आहे. धाकटी."

"तेच. मी समजू शकतो. पण भावनेच्या भरात असं काही बोलू नये."

"भरात नाही साहेब. मीच बांधली. गाठ बघा ना. ती माझ्याशिवाय कुणाची नाही, कुणालाही विचारा."

"चिंधी कापलेल्या अवस्थेत मिळाली आहे. गाठ कुणाची, हे कापलेल्या चिंधीवरून सिद्ध होत नाही." त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. "हे बघा. बुधवार. फळी तपासली, ठीक. सही तुमचीच ना?"

"सही माझी आहे, पण ती सोमवारी केलेली आहे."

"बुधवारच्या रकान्यात आहे."

"साहेब, आम्ही सगळ्या आठवड्याच्या एकदमच करतो. कारकुनाला विचारा. बुधवारी दुपारपासून मशीन बंद आहे, तरी गुरुवार, शुक्रवार, शनिवार सह्या आहेत बघा. बंद मशीनची फळी मी कशी तपासली?"

साहेबांनी पान नीट पाहिलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. फळी तपासली, ठीक. मग मान हलवली.

"म्हणजे अपघातानंतरही तुम्ही तपासणीत खंड पडू दिला नाही," ते म्हणाले, आणि पेन उचलून तेवढं लिहून घेतलं.

कारकुनाला विचारण्यात आलं. त्याने रजिस्टर रोज दिल्याचं सांगितलं. उंच बाईला विचारलं. तिलाही घर होतं. तिचं त्या वेळी लक्ष नव्हतं. मावशी म्हणाल्या, गाठी काय, सगळ्यांच्या सारख्याच.

घरी धाकटी खिडकीपाशी बसलेली होती, उजवा हात उशीवर ठेवून. त्या हाताला आता अंगठा आणि करंगळी होती. थोरली आत आली आणि तिने जाकीट काढलं.

"सांगितलंत का त्यांना?"

"सांगितलं."

"मग?"

"लिहून नाही घेतलं."

धाकटीने डाव्या हाताने उशी सरळ केली. मग म्हणाली, "मी सांगतच होते तुम्हाला. आपोआप बांधली जाते."

या वेळी दोघींपैकी कुणी हसलं नाही. थोरलीने राजीनामा लिहून ठेवला होता, पण घरात आता एकच पगार राहिला होता, तेव्हा तो तिने भाजीच्या पिशवीत तळाशी घातला. तिथे तो ओला झाला. सोमवारी ती सातला कामावर गेली. मशीनवर नवी बाई होती, जेमतेम विशीतली. दहा वाजता फळीला चिंधी होती. गाठ अनोळखी होती. थोरलीने ती सोडली. कारकून म्हणाला, "आठवड्याचं उरकून टाका."

अहवाल महिन्याभराने आला. त्यात म्हटलं आहे: अपघाताचे कारण, कामगाराचा वैयक्तिक निष्काळजीपणा. संबंधित कामगारास सेवेतून कमी करण्यात यावे. पर्यवेक्षकाविरुद्ध कार्यवाही: नाही. शेरा: सदर व्यक्तीच्या नोंदी नियमित, सुवाच्य व अनुकरणीय असून तिच्या कार्यकाळात फळी न तपासल्याचा एकही दिवस आढळून येत नाही.

धाकटीच्या कमरेची नाडी आता रोज सकाळी थोरली बांधते. ओढली की सुटेल अशी गाठ तिला अजून जमत नाही.