कंपनीनं केलेलं उष्टावण

"सिस्टर, तिची मान जरा नीट धरा ना. फोटो चांगला येत नाहीये."

असं मला सांगणारे गृहस्थ म्हणजे आमच्या कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर, दिवेकर साहेब. त्यांच्या हातात चमचा, चमच्यात रव्याची खीर. माझ्या हातांवर कुंदाची जयू, साडेतीन महिन्यांची. मान अजून लटपटत होती. साहेबांनी चमचा तोंडात सारला की जयू जीभ पुढे काढून सगळी खीर हनुवटीवर लोटून द्यायची. पुन्हा चमचा, पुन्हा तेच. बोईसरहून बोलावलेला फोटोग्राफर कंटाळला. शेवटी चमचा नुसता ओठांना टेकवून त्यानं फ्लॅश मारला. जयूनं भोकाड पसरलं आणि जमलेल्या साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तारापूरच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत मी क्रेशची सिस्टर होते. नाव सांगत नाही कंपनीचं. क्रेश म्हणजे कामगार बायकांच्या मुलांचं पाळणाघर. अंगावर पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळात दोनदा तिथे येऊन बाळाला पाजता आलं पाहिजे, मूल सव्वा वर्षाचं होईपर्यंत, असा कायदा आहे. कागदावर त्याला नर्सिंग ब्रेक म्हणतात. आमच्या बायका म्हणायच्या, 'पाजायची सुट्टी'.

बायका सगळ्या पॅकिंगला होत्या. बेल्टवरून गोळ्यांच्या पट्ट्या यायच्या, त्या खोक्यांत भरायच्या. एक बाई उठली की बेल्टचा वेग कमी करावा लागायचा. हे साहेबांच्या डोळ्यांत कधीपासून खुपत होतं.

आणि एक दिवस त्यांना एकदम धर्म आठवला. म्हणे, क्रेशमधल्या सगळ्या तान्ह्या बाळांचं उष्टावण कंपनी करणार! उष्टावण म्हणजे बाळाच्या तोंडात अन्नाचा पहिला घास घालायचा तो समारंभ. मुलाचं सहाव्या महिन्यात करतात, मुलीचं पाचव्या नाहीतर सातव्या. घास भरवायचा मान मामाचा. इथे कुणी तीन महिन्यांचं, कुणी चार, सगळ्यांचं एकाच दुपारी उरकलं. झेंडूच्या माळा लावल्या, नारळ फोडला. साहेबांनी भाषण ठोकलं, "आपल्या कंपनीची बाळं लवकर खाणार, लवकर वाढणार, चांगली उंचनिंच होणार!" प्रत्येक आईला कंपनीचं नाव कोरलेली स्टीलची वाटी मिळाली. बायका खूश. मीही म्हटलं, साहेबांना फोटोची हौस आहे, घेऊ देत भागवून.

कुंदा तेवढी खूश नव्हती. ती दांडी गावची, कोळणीचं तोंड, मनात काही ठेवायची सवय नाही. वाटी उलटीसुलटी करत मला म्हणाली, "सिस्टर, मुरबे गावाला माजा भाऊ हाय चांगला धडधाकट. मंग हे साहेब कशाला आमचे मामा झाले?"

ते दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळची पाजायची वेळ झाली. एकही आई आली नाही. बाळांना घड्याळ लागत नाही हो, त्यांना वेळ बरोबर कळते. एकानं सूर लावला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. जयू तर मूठ चोखून चोखून लाल करत होती. मी क्रेशच्या मदतनीस आयाबाईला तिथे ठेवलं आणि तडक पॅकिंगमध्ये गेले. सुपरवायझरनं मला दारातच अडवलं.

"सिस्टर, ऊपर से ऑर्डर है. बच्चा लोग का वो फंक्शन हो गया ना? अब खाना खाता है. ब्रेक बंद."

त्याच्या खांद्यावरून मला कुंदा दिसली. बेल्टवर हात चालू होते, मान खाली. पोलक्याचा पुढचा भाग दुधानं ओला झाला होता. ते बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"साहेब, पाजायची सुट्टी बंद केलीत?"

"बंद कुठे? गरज संपली, सिस्टर. उष्टावण झालं ना? मुलं आता वरचं खाणार. कॅन्टीनमधून रोज पेज येईल."

"साडेतीन महिन्यांचं मूल पेज खातं?"

"डॉक्टरच सांगतात चौथ्या महिन्यापासून सुरू करा म्हणून. पुस्तकात आहे."

"पुस्तकात चार ते सहा महिने आहे. आणि आईचं दूध चालू ठेवून, असंही आहे. ती ओळ नाही वाचलीत? वरचं अन्न दुधाच्या जोडीला द्यायचं असतं. दुधाच्या जागी नाही."

"तुम्ही फार जुन्या विचारांच्या आहात, सिस्टर."

ऐका! चोराच्या उलट्या बोंबा. नारळ फोडून उष्टावण यांनी केलं, आणि जुन्या विचारांची मी.

यात काय अडतं ते सोपं करून सांगते. मूल मान धरायला लागतं, आधारानं बसतं, आपल्या ताटाकडे बघून हात पुढे करतं, तेव्हा ते घासाला तयार झालं असं समजायचं. साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास. त्याआधी त्याची जीभ चमचा बाहेर ढकलते. तो हट्ट नसतो, ते त्याचं स्वतःचं संरक्षण असतं. आतडीही कोवळी असतात. त्यातून पातळ पेज म्हणजे बहुतेक पाणीच. पोट डब्ब होतं, अंगाला काही लागत नाही. पोट भरलेलं मूल दूध ओढत नाही, आणि ओढलं नाही की आईचं दूध आटतं. मग मूल दोन्हीकडून उपाशी.

उशीरही तितकाच वाईट. आमच्या क्रेशमध्ये पाम गावची भानू म्हणून एक शेतकरी घरातली बाई होती. दहा महिन्यांच्या पोराला नुसत्या दुधावर ठेवलं होतं तिनं. का, तर "दात नाय आले अजून." पोराच्या हातापायांच्या काड्या झालेल्या. तिलाही मी अशी झापली होती, की दुसऱ्या दिवसापासून डब्यात मऊ भात आणि वरण यायला लागलं. कारण पहिल्या दोन वर्षांत जे अंगाला लागलं नाही, ते पुढे शाळेत गेल्यावर तूप ओतलंत तरी भरून निघायला फार कठीण. उंची खुंटते ती तिथेच. दिवेकर साहेब उंचीच्या गप्पा मारत होते ना, ती अशी उरकून वाढत नसते.

पेज आली. सकाळी शिजवलेली, दुपारपर्यंत पातेल्यात कोमट पडलेली, दिवस पावसाळ्याचे, कॅन्टीनच्या टाकीचं पाणी गढूळ. मी पहिल्या दिवशी पातेलं परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही पाठवलं. तेव्हा साहेबांनी मला मेमो दिला आणि पेज भरवायला कॅन्टीनचा माणूस पाठवला. क्रेशमध्ये, माझ्यादेखत! माझ्या बाळांना जुलाब लागायला आठवडासुद्धा लागला नाही.

सगळ्यात वाईट हाल जयूचे. आमच्याकडे स्प्रिंगचा काटा होता, त्याला झोळी अडकवून बाळांचं वजन करायचं. या वयात काटा दर आठवड्याला पुढे सरकायला हवा. जयूचा मागे गेला. टाळू खोल गेली, डोळे मोठे दिसायला लागले. मला रात्री घरी तिचेच डोळे दिसायचे. मी कुंदाला म्हटलं, शिफ्टच्या आधी गेटवर पाज, जेवणाच्या सुट्टीत धावत ये. ती यायची, स्वतः जेवायची नाही. पण आधीच दूध कमी झालेलं, पोर दोन घोट घेऊन दमायची आणि चिडून रडायची.

"सासू म्हनते, नोकरी सोड," कुंदा एकदा जयूला छातीशी धरून म्हणाली. "सोडू कशी, सिस्टर? होड्या वर ओढल्यात. नारळी पुनवेपर्यंत दर्या बंद. घरात येतो तो माजाच पगार. नोकरी सोडली तर चूल इजते, नाय सोडली तर ही पोर जाते. तुमीच सांगा, काय करू?"

मी तिला डॉक्टरकडे पाठवलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं आणि मनातल्या मनात दिवेकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे तक्रार करते असं त्यांना तोंडावर सांगून आले, तर हसले. म्हणाले, "खुशाल करा. बायकांना कुणी जबरदस्ती केली? वाट्या हसत हसत घेतल्यात की सगळ्यांनी. फोटो आहेत."

हे मी कुंदाला सांगितलं. तिनं जयूला झोळीत टाकलं आणि बाकीच्या बायकांकडे गेली.

त्या आठवड्यात हेड ऑफिसचे मोठे साहेब येणार होते. आमचं आदर्श क्रेश बघायला! दिवेकरांनी उष्टावणाचे फोटो वर पाठवून स्वतःची वाहवा करून घेतली होती. भिंतींना रंग लागला. आम्हाला इस्त्रीचे एप्रन. मोठे साहेब दिवेकरांबरोबर क्रेशच्या दारात आले, आणि तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. बायका आल्या. सगळ्या आया, एकामागून एक, पुढे कुंदा. प्रत्येकीच्या हातात वाटी. कुंदानं आपली वाटी दिवेकरांच्या पायाशी जमिनीवर ठेवली. तिच्यामागे भानूनं ठेवली. भानूचं पोर मोठं होतं, तिला वाटी मिळालीच नव्हती; ती घरची पितळी घेऊन आली होती. स्टील वाजत गेलं.

"हे काय चाललंय? संप आहे का हा?" दिवेकर ओरडले.

"संप कशाचा, साहेब?" कुंदा म्हणाली. "तुमची भांडी तुमाला परत. उष्टावण झालं नाय आमच्या पोरांचं. मामानं भरवल्याबिगर होत नाय. देवाला विचारा, नायतर आमच्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि उष्टावण झालं नाय, तर सुट्टी कशी बंद?"

मोठे साहेब चक्रावले. "कसली सुट्टी बंद?"

मग मी पुढे झाले. बोलायची संधी सोडणाऱ्यांतली मी नव्हेच. पाजायची सुट्टी कशी बंद झाली, पेज कशी आली, जुलाब कसे झाले, सगळं सांगितलं. जयूला झोळीतून उचलून त्यांच्या हातावरच ठेवलं. ते घाबरून म्हणाले, "अहो, हिला तर वजनच नाही."

"साहेब, तुमचे मॅनेजर म्हणतात ही लवकर वाढतेय."

भानू मागून म्हणाली, "आवण तयार झाल्याबिगर लावणी केली तर रोप कुजतं, साहेब. आमी भाताची मानसं, एवढं तरी कळतं." आवण म्हणजे भाताची कोवळी रोपं.

आता तुम्हाला वाटेल मोठ्या साहेबांचं काळीज विरघळलं. कसलं काय! त्यांनी जयूला माझ्या हातात परत दिलं, रुमालानं हात पुसले आणि दिवेकरांना इंग्रजीत हळूच विचारलं, "हे फॅक्टरी इन्स्पेक्टरपर्यंत गेलं तर?" मला इंग्रजी कळतं हे दोघेही विसरले होते. त्याच दुपारी पाजायची सुट्टी पुन्हा सुरू झाली. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

आटलेलं दूध परत आणायला एकच औषध असतं, बाळाला पुन्हा पुन्हा ओढायला लावणं. कुंदानं ते निष्ठेनं केलं. सुरुवातीला जयू रागावून तोंड फिरवायची, मग चिकटली ती चिकटलीच. काटा पुढे सरकला त्या दिवशी मी आणि कुंदा दोघी रडलो. सातव्या महिन्यात कुंदाच्या भावानं जयूला पहिला घास दिला. पुढे घरातलं सगळं खाल्लं पोरीनं, माशाच्या कालवणातला भातसुद्धा. शाळेत गेली तेव्हा वर्गातल्या मुलींच्या बरोबरीची दिसत होती. ते हाल महिनाभर जास्त चालले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करत नाही.

आम्ही जिंकलो, असं आम्हाला वाटलं. बायकांनी मला पेढे दिले.

मग बघता बघता पॅकिंगमधल्या जुन्या बायका कमी व्हायला लागल्या. एक गेली की जागा भरायची नाही. नवीन पोरी घ्यायच्या त्या कंत्राटदाराच्या नावावर. मुलाखतीत आधी प्रश्न, लग्न झालंय का, पदरात मूल आहे का. कंपनीच्या पटावर तीसपेक्षा जास्त बायका असतील तरच क्रेश ठेवावं लागतं. दिवेकरांनी आकडा बरोबर तिशीच्या खाली आणला आणि क्रेशला कुलूप लावलं. त्यांना बढती मिळाली. कुंदाला कंत्राटात जावं लागलं, आणि कंत्राटातल्या बायकांना कसली पाजायची सुट्टी आणि कसलं काय. त्यांची तान्ही बाळं दिवसभर घरी म्हाताऱ्यांजवळ, पेजेवर.

मी पुढे सरकारी दवाखान्यात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. बाळाला कितव्या महिन्यात काय भरवायचं, हे मी आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. मालकाला कितव्या महिन्यात लाज येते, तेवढं मात्र विचारू नका.