निष्कर्ष राहिला

सिग्नल सरांचा नेम कधी चुकला नाही. निबंध सांगता सांगता कुणी अडखळून थांबला की त्यांच्या हातातला लाकडी डस्टर सुटायचा आणि थांबलेल्याच्या कानाशेजारून जाऊन मागच्या भिंतीवर आदळायचा. कानाला लागायचा नाही, पण खडूची धूळ खांद्यावर सांडायची. सांगलीच्या आमच्या महाविद्यालयात जनसंवाद शिकणारी मुलं त्या पांढऱ्या खांद्यांवरून ओळखू यायची.

सरांचं गाव कराडजवळ, मलकापूरच्या पलीकडं. घरचा ऊस, घरातले पुरुष फौजेत. सरही फौजेत सिग्नलमध्ये होते, म्हणून हे नाव. परत आल्यावर पोरांच्या शेजारी बसून एम. ए. केलं आणि शिकवायला लागले. माणूस भयंकर रागीट. त्यांच्या टेबलावरची काच इतक्या वेळा फुटली की शिपाईमामांनी नवी बसवायचं सोडून दिलं.

चर्चासत्राला जायच्या आधी ते आमची तालीम घ्यायचे. एकाने फळ्यापुढं उभं राहून निबंध सांगायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं. बाकं बडवायची, खडू मारायचे, हुर्यो करायचा, दारं आपटायची. पाठीमागून कुणी तरी कॉलर धरून ओढायची. सर खिडकीत बसून हुकूम सोडायचे, "जोरात रं. जेवला न्हाईस का?" शेजारच्या अर्थशास्त्राच्या वर्गाने दोनदा प्राचार्यांकडं तक्रार केली. सर म्हणाले, "चर्चासत्रात अर्धी माणसं झोपल्याली असत्यात, त्यांची भीती न्हाई. जागी असत्यात त्यांच्यासाठी ही तयारी."

माझ्या पहिल्या तालमीत त्यांनी एका मुलाला कानात काही तरी सांगून मागच्या बाकावर बसवलं. मी रंगात आले होते. तो उठला आणि म्हणाला, "ए, आडनाव काय गं तुझं?" मी वाक्य अर्ध्यावरच सोडलं. डस्टर माझ्या कानाजवळून गेला.

"बाकं बडवली तवा थांबली न्हाईस," सर म्हणाले. "आडनावाला थांबलीस. पोरी, तितंच मारणार हायती ते."

मी त्या दिवशी वसतिगृहावर जाऊन रडले. माण तालुक्यातल्या आमच्या बौद्ध वस्तीतली कॉलेजात आलेली मी पहिली. मला वाटलं, हा माणूस मला हाकलून लावतोय. वर्षभर तालमी होत राहिल्या आणि दर वेळी कुणी ना कुणी मला आडनाव विचारत राहिलं, तेव्हा समजलं.

एवढा राग कशासाठी, हे त्यांनी एकदाच सांगितलं. युद्धात ते खंदकात वायरलेसवर होते. शेजारचा जोडीदार संदेश सांगत होता आणि ते पुढं पाठवत होते. तोफेचा गोळा पडला. "मी वळून बघितलं तर त्याला तोंडच न्हवतं," सर म्हणाले. "पुढची तुकडी विचारतीया, उरल्यालं सांगा. मी काय सांगू? त्या अर्ध्या निरोपावर ती पोरं चुकीच्या टेकडीवर चढली. तवापासनं मला अर्धं वाक्य सोसत न्हाई."

माझ्या निबंधाचा विषय माझ्या घरातच होता. धर्म बदलला तेव्हा आजोबांनी हलगी वाजवायचं सोडलं. माझ्या लहानपणी गावातल्या काहींनी ठरवलं की जत्रेत देवाच्या पालखीच्या छबिन्यापुढं माझ्या वडिलांनी, आबांनी, हलगी वाजवलीच पाहिजे. आबा नाही म्हणाले. संध्याकाळी माणसं आली. त्यांनी आबांचं उजवं मनगट उंबऱ्यावर दाबून धरलं आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं ठेचलं. दावणीच्या म्हशीचा पाय मोडला. हाड फुटल्याचा आवाज आणि म्हशीचं ओरडणं मी भिंतीला पाठ लावून ऐकलं. गावातली मारहाण गावाच्या तोंडातून वर्तमानपत्रापर्यंत जाताना तिचं काय होतं, हा माझा अभ्यास होता.

साताऱ्याच्या चर्चासत्राचं निमंत्रण आलं तेव्हा सर एस.टी.ने आमच्या घरी आले. आबांनी डाव्या हाताने त्यांना पाणी दिलं.

"आवं सर, साताऱ्याला आमच्या गावची माणसं हायती. पोरीला मारतील."

"मारतील की. मला बी मारतील."

"मग कशापायी जायाचं?"

सरांनी मला त्या वेळची बातमी वाचायला सांगितली. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. मी वाचलं, ‘किरकोळ कारणावरून दोन गटांत हाणामारी.’

आबांनी उंबऱ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "दुसरा गट म्हंजी मी आन् माझी म्हस व्हय?"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, "पोरी, हे पयलं वाक्य. आबा, बोलू का नको तिनं?"

"अर्धवट बोलणार आसंल तर नको," आबा म्हणाले. "बोलायचं तर समदं बोल."

सरांनी आबांकडं असं पाहिलं, जणू खंदकातला जोडीदार परत भेटला.

साताऱ्याच्या सभागृहात मी आबांचं वाक्य म्हटलं तेव्हा लोक हसले. मग मी त्या संध्याकाळचं सांगायला लागले आणि हसू थांबलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "आडनाव काय गं तुझं?" मी आडनाव सांगितलं आणि पुढच्या वाक्यावर गेले.

मग पाच-सात जण उठले. एकाने माईकची वायर उपटली. सर मधल्या वाटेत जाऊन उभे राहिले.

"सर, तुमी आपल्यातलं. बाजूला व्हा," एक जण म्हणाला.

"मी निबंध ऐकतोय. बसा, न्हाईतर भाईर जावा."

पहिली ठोसाठोशी झाली त्यात सरांनी एकाचं नाक फोडलं, हे मला लपवायचं नाही. दुसऱ्याने लोखंडी खुर्ची घडी करून त्यांच्या डोक्यात घातली. पुन्हा घातली. अध्यक्ष वेळ संपल्याची घंटा वाजवत सुटले, त्यांना दुसरं काही सुचेना. माईक नसताना मी बोलत होते, कारण आवाजावर आवाज चढवायची सवय अंगात मुरली होती. पण सर खाली कोसळले, त्यांचं रक्त व्यासपीठाच्या पायरीवर आलं, आणि मी थांबले.

त्यांनी रक्ताने भरलेला एक डोळा उघडला.

"थांबलीस का? निष्कर्ष राहिला."

मी निष्कर्ष म्हटला. "एका बाजूनं मारलं आणि दुसऱ्या बाजूनं मार खाल्ला. हे लिहिलं जात नाही तोवर बातमी अर्धी असते." कुणी तरी मला दंडाला धरून फरफटत नेत होतं तेव्हा शेवटचे शब्द निघाले. दंड पुढं महिनाभर काळानिळा होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी सरांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. ‘चर्चासत्रात दोन गटांत हाणामारी.’ डोक्याला टाके, ओठ सुजलेला, तरी ते म्हणाले, "पुरावा वाढला की गं. ह्या वक्ताला म्हस कोण, तू का मी?"

टाके निघाले, पण आत काही तरी तुटलं होतं. वर्गात शिकवताना त्यांना शब्द सापडेनासे झाले. एखाद्या वाक्याच्या मध्येच ते थांबायचे, आणि त्यांच्यावर डस्टर फेकणारं कुणी नव्हतं. त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली आणि गावी गेले. मी तोच निबंध पुढं वाढवत नेला, पदवी मिळवली. प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली तेव्हा आधी आबांना सांगितलं आणि मग पेढे घेऊन सरांकडं गेले. ती आमची शेवटची भेट.

ते सोप्यात खाटेवर बसले होते. पेढा हातात तसाच धरून माझ्याकडं बघत म्हणाले, "पोरी, त्या दिवशी तू जवा..."

मी वाट पाहिली. त्यांचे ओठ हलले, कपाळावरची शीर फुगली. पुढचं येईना. त्यांनी शेजारचा पाण्याचा पेला उचलला आणि भिरकावला. तो माझ्या कानाशेजारून जाऊन भिंतीवर आदळला. पाणी माझ्या खांद्यावर सांडलं.

आतून काकू, सरांच्या पत्नी, आल्या. "रोज फेकत्यात बघ. म्हणून स्टीलचं ठिवलंय." मग हळूच म्हणाल्या, "त्यास्नी काय म्हणायचंय ते तूच बोल की. तुला ठावं आसंल."

मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी ते वाक्य त्यांचं होतं.

मी पेला उचलला, माठातलं पाणी भरलं आणि पुन्हा त्यांच्या हाताशी नेऊन ठेवला.