मुखरू डाकवाल्याची सहा दिवसांची रजा

मुखरू डाकवाला अकरा वर्षांत एकदाही उशिरा आला नाही. ही त्याच्याबद्दलची सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट, पण सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला.

पंचावन्न साल होतं. अहेरीपासून बारा मैलांवरच्या एका जंगलातल्या गावात मी शाळामास्तर होतो, आणि मास्तर म्हणून गावचं पोस्टही माझ्याच गळ्यात पडलं होतं. पोस्ट म्हणजे माझ्या खोलीतली पत्र्याची पेटी, एक शिक्का आणि मुखरू. आज पहाटे तो थैला घेऊन अहेरीला निघायचा, तिथंच मुक्काम करायचा, उद्या दुपारी परत यायचा आणि परवा पहाटे पुन्हा चालू लागायचा. हातात घुंगरं बांधलेली काठी. माणूस वाळक्या बांबूसारखा लांब आणि सरळ. "बस रे जरा," म्हटलं की "बसतो जी" म्हणायचा आणि उभाच राहायचा. त्याला सबंध बूड टेकून बसलेला मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. जेवतानासुद्धा एक गुडघा वर असायचा, जणू पानावरून उठून पळायची तयारी.

त्याची बायको भागीरथा. घर माझ्या खोलीच्या समोरच, मधे फक्त बैलगाडीची वाट. त्यामुळे त्यांच्या घरातलं मला ऐकू यायचं आणि जे ऐकू यायचं नाही ते भागीरथाबाई स्वतः कुपापाशी, म्हणजे कुंपणापाशी, येऊन सांगायच्या. लेकरूबाळ नव्हतं. बाईची जीभ तिखट, हात सढळ आणि मागणी एकच. मुखरू घरी आला की ती मागणी बाहेर यायची.

"सारा गाव म्हंते, डाकवाल्याची बायको. अन् डाकवाल्याच्या बायकोनं गाडी पाह्यली नाई. मले एकदा गाडीत बसवा जी."

गाडी म्हणजे आगगाडी. तिच्यासाठी आधी अहेरीला जायचं, तिथून सर्विस मोटारनं आष्टीची नदी ओलांडून बल्लारशाला, आणि मग गाडी. माझं घर वरोऱ्याला, स्टेशनच्या मागेच. मी म्हटलं, आमच्याकडे उतरा, आई आहे, दोन दिवस राहा. आईला तसं पत्रही टाकलं. मुखरूच्या रजेसाठी मी वर किती अर्ज लिहिले ते विचारू नका. दीड वर्ष कागद फिरत राहिला आणि शेवटी होळीनंतरच्या सोमवारपासून सहा दिवस मंजूर झाले. बदलीवर अहेरीचा वारलू येणार होता. त्यालाही पुढच्या आठवड्यात बहिणीचं लग्न होतं, म्हणजे हे सहा दिवस गेले की गेलेच. भागीरथाबाईंनी चारोळ्यांची पुरचुंडी, भाजलेले पोहे, गुळाच्या दशम्या असं गाठोडं बांधलं आणि ते उतरंडीवर ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी गाव बांधायचं ठरलं.

गुरांना खुरकूत आली होती. आमच्या भागात असं काही आलं की गावचा पुजारी, म्हणजे भुमक, गावाची शीव पूजा करून बांधतो. वाटेवर दोन खांब रोवून आंब्याच्या पानांचा दोर लावतात. दोर लागला की आतला माणूस बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. परगावी गेलेला परत आला तर शिवेपलीकडे झाडाखाली बसून राहतो, आणि घरची माणसं त्याची भाकर दोराजवळ नेऊन ठेवतात. भुमक होता कोलू, सत्तरीचा गोंड म्हातारा, मवाळ माणूस. शनिवार आणि रविवार असे दोनच दिवस गाव बांधायचं असं त्यानं ठरवलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, सोमवारी सकाळी दोघं निघतील.

मुखरू शुक्रवारी पहाटेच अहेरीला गेला होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी मला घुंगरं ऐकू आली. मी दारात आलो. घुंगरं शिवेजवळ थांबतील म्हणून कान लावला, तर आवाज थांबेचना. वाढतच आला. मुखरू थैला खांद्यावर घेऊन सरळ माझ्या दारात उभा. पाठोपाठ शेजारची बुधरी म्हातारी छाती बडवत धावत आली.

"तोडलं! यानं बांधन तोडलं! दोराखालून आला!"

मुखरूनं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या पायांकडे पाहिलं.

"तुला दोर दिसला नाही का?" मी ओरडलोच.

"दिसला जी."

"मग?"

"डाक होती. डाक घेऊन थांबाचं नसते," तो म्हणाला आणि मग हळूच म्हणाला, "पाय थांबले नाई, मास्तर."

मला त्याला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. वाघ आडवा आला, नाला भरला, तरी डाक थांबत नाही, हे त्याला भरती करताना कोण्या साहेबानं शिकवलं होतं आणि ते या गाढवानं हाडांत मुरवून घेतलं होतं. दीड दिवस झाडाखाली बसला असता तर बल्लारशाची गाडी त्याच्या हातात होती!

कोलू आला. रागावला नाही, पण त्याचा चेहरा पडला.

"बांधन तुटलं, मुखरू. आता उद्यापासून पुन्हा, पाच दिवस. अन् ज्यानं तोडलं त्यानं अन् त्याच्या घरच्या मानसानं कुपाबाहेर पाय ठेवाचा नाई. मी तरी काय करू?"

रविवार ते गुरुवार. हिशेब मलाही आला आणि दारात उभ्या असलेल्या भागीरथाबाईंनाही. शुक्रवार-शनिवारात वरोरा करून परत येणं शक्यच नव्हतं. त्या आत गेल्या, उतरंडीवरचं गाठोडं उतरवलं आणि मुखरूसमोर अंगणात आदळलं.

रविवारी दुपारपर्यंत त्या घरात कोणी बोललं नाही. बुधरी पाण्याच्या घागरी आणून कुपापाशी ठेवायची, भागीरथाबाई त्या उचलायच्या, मुखरू मदतीला गेला की पाठ फिरवायच्या. मुखरू अंगणात फिरत होता. मोहाच्या झाडापासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून मोहापर्यंत. मला वाटतं दुपारपर्यंत त्यानं अहेरी गाठली असेल. शेवटी बाईंचा संयम सुटला.

"किती चालसान? मले घेरी येऊन राह्यली पाहून पाहून!"

"मंग काय करू?"

"मोह पडून राह्यला, दिसत नाई का? येचा!"

मोहफुलं पहाटेपासून पडत असतात. मुखरूच्या घरच्या झाडाची फुलं अकरा वर्षं भागीरथाबाई एकट्या वेचत आल्या होत्या. सोमवारी सकाळी मी दात घासत उभा होतो, तर दोघं झाडाखाली वाकलेले. मुखरू उभ्याउभ्या, लांब हातांनी एकेक फूल उचलत होता आणि दर फुलाला कंबर सरळ करत होता. भागीरथाबाईंनी जरा वेळ पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. ते दाबायला त्यांनी पदर तोंडात धरला.

"बसून येचतेत जी! देवानं गुडघे कायले देल्ले?"

मुखरू बसला. दोन्ही पाय दुमडून, मोहाच्या पाचोळ्यात, चक्क बसला. टोपली भरली तरी उठला नाही.

त्या दिवशी मुखरूला आपल्या घराबद्दल बरंच कळलं. मागच्या भिंतीवर पाणी उतरतं, कारण छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, सरकलेत. शेळीचं नाव मंगली आहे आणि बायको तिला दिवसभर गावातल्या बातम्या सांगते. अंबाडीची भाजी त्याला फार आवडते असं समजून, तो परत यायच्या दिवशी ती अकरा वर्षं तीच करत आली आहे.

"मले नाई आवडत," मुखरू म्हणाला.

"काय?"

"अंबाडी. आंबट लागते."

"मंग सांगतलं काऊन नाई अकरा वर्सं?"

"तू वाढली. मी खाल्ली. मले निघाचं रायते."

भागीरथाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि ही बातमी कुपापाशी येऊन मला सांगितली. सांगताना त्या इतक्या हसल्या की बुधरीही आली. मग बुधरीलाही पहिल्यापासून सांगावी लागली.

मंगळवारी त्यांनी कवेलू फेरून नीट लावले. तो छपरावर, ती खालून एकेक कवेलू वर द्यायची. सूचना मात्र सगळ्या खालूनच. दुपारी सावलीत चंगाअष्टा मांडला. फोडलेल्या चिंचोक्यांचे फासे, जमिनीवर कोळशानं काढलेला पट. भागीरथाबाई उघडउघड लबाडी करत होत्या. पडलेले चिंचोके बोटानं उलटवायच्या आणि "अष्टा!" म्हणून ओरडायच्या. मुखरू दोन डाव सरळ हरला. तिसऱ्या डावात त्यानंही एक चिंचोका उलटवला. तेव्हा झालेला आरडाओरडा ऐकून मला वाटलं भांडण पेटलं. मी धावत वाटेपर्यंत गेलो. दोघं पटावर ओणवे होऊन हसत होते, आणि मुखरूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी लाजून परत फिरलो. खरं सांगतो, हेवा वाटला. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं.

प्रवासाचं गाठोडंही सुटलं. पोहे आणि दशम्या मोहाखाली बसून खाल्ल्या. वाटेच्या पलीकडून मलाही हाक आली. शीव बांधलेली असली तरी कुपाच्या आत जायला मला बंदी नव्हती. खाता खाता बाईंनी आगगाडीची चौकशी चालवली. मी आपला इंजिन, धूर, पूल, शिट्टी असं रंगवून सांगत होतो. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आत बसते कसे पन? बाजूबाजूले का समोरासमोर?"

"दोन्ही. बाकं असतात."

"मधात उठून कुठी जाता नाई येत?"

"चालत्या गाडीतून कुठं जाणार?"

"हं," म्हणाल्या आणि दशमीचा मोठा तुकडा मुखरूच्या पानात टाकला. मला वाटलं, बिचारीचा जीव अजून गाडीतच अडकलाय. मुखरूलाही तसंच वाटलं असावं. त्याचा घास तोंडातच राहिला आणि मान खाली गेली. सगळ्यात वाईट हेच होतं. तो हसत होता, खेळत होता, पण बायकोची एकुलती एक इच्छा आपण आपल्या पायांनी तुडवली, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. मी जायला निघालो तेव्हा कुपापाशी येऊन तो पुटपुटला, "अकरा वर्सांत एकच गोष्ट मांगतली तिनं. आता पुढची रजा कवा भेटन, मास्तर?"

त्या कागदाला दीड वर्ष लागलं होतं.

बुधवारी दुपारी कोलू माझ्याकडे आला तो सुपाएवढा हसरा चेहरा घेऊन. गुरं चारा खाऊ लागली होती. गावातल्या जुन्या माणसांना विचारून, देवाला कोंबडं कबूल करून त्यानं गाव एक दिवस आधीच सोडायचं ठरवलं होतं. दोर उतरलासुद्धा. मी उडालोच. तेवढ्यात शिवेपाशी मोटारीचा आवाज आला. लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी, वाट गावातूनच असल्यानं, शनिवारपासून जंगलाच्या बाजूला अडकून पडली होती आणि आता थेट बल्लारशाला निघाली होती. मी धावत जाऊन ड्रायव्हरचा हात धरला. दोन माणसं? हो, बसतील की. वरोरा नाही जमणार, पण उद्या बल्लारशाहून चांद्यापर्यंत गाडीत बसायचं, परवा परत फिरायचं, शनिवारी घरी. बसत होतं सगळं!

मी तसाच धापा टाकत, कुपाची बांबूची ताटी लोटून त्यांच्या अंगणात शिरलो. दोघं ओसरीवर शेजारीशेजारी बसून वाळलेला मोह निवडत होते. मधे एकच सूप.

"उठा, उठा! गाव सुटलं! लॉरी उभी आहे, बल्लारशाला! गाडीत बसायला मिळतं, भागीरथाबाई!"

मुखरू ताडकन उठला. त्याच्या मांडीवरची फुलं खाली सांडली. चार दिवसांत त्याचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

"चाल वं! लुगडं बदलव! मी गाठोडं..."

भागीरथाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मले नाई जायचं."

"आँ?" मी आणि मुखरू एकदमच म्हणालो.

"रागात बोलून राह्यली का अजून?" मुखरू म्हणाला. "चुकलं माझं, हजारदा चुकलं. पन आता जाता येते. अकरा वर्सं झाली, गाडी गाडी करून राह्यली तू."

लॉरीचा भोंगा वाजला. बाईंनी सुपातली एक काडी उचलून बाजूला टाकली आणि मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचाच, खडसावणारा.

"गाडी कोनाले पाह्याची होती जी? तुमी घरात कवा बसत नाई. आले का निघाले, आले का निघाले. बुधरीचा पोरगा बल्लारशाकून आला, तो म्हने का गाडीत बसलं का मानसाले उठताच येत नाई. म्हटलं, बसवीन त्याच्यात एकदा. दोन दिवस तरी माझ्या बाजूले बसन हा मानूस."

भोंगा पुन्हा वाजला. मुखरू तसाच उभा होता. लांबलचक हात खाली लोंबत होते. मग तो हळूच खाली बसला, तिला लागून, दोन्ही पाय पसरून, आणि सूप आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

काय करावं ते न सुचून मी तिथंच उभा राहिलो. भागीरथाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, त्या लॉरीवाल्याले जा म्हना," त्या म्हणाल्या. "अन् जाता जाता आमची ताटी लावून घ्या."